गेर्टनरच्या चित्रातील चर्चला मनोरा एकच कसा?

प्रश्न : एडुआर्ड गेर्टनर याने 1831 साली रंगवलेले बर्लिनच्या पारोखियालश्ट्रासे या गल्लीचे तैलचित्र पाहत होतो. अरुंद रस्त्याच्या टोकाला, घरांच्या छपरांवर सेंट निकोलस चर्चचा एकच मनोरा दिसतो. आजच्या छायाचित्रांत मात्र टोकदार मनोऱ्यांची जोडी आहे. चित्रकाराने रचनेसाठी एक मनोरा गाळला असावा का?

प्रतिसाद 1 : नाही, त्या काळी तेथे मनोरा एकच होता. जुळे मनोरे 1870 च्या दशकातील पुनर्बांधणीत आले, दुसऱ्या महायुद्धात चर्च उद्ध्वस्त झाले आणि 1980 च्या दशकात पूर्व जर्मनीच्या सरकारने ते पुन्हा उभारले. म्हणजे आपण ज्याला जुने समजतो, तेच चित्राहून कितीतरी नवे आहे.

प्रतिसाद 2 : गेर्टनरने प्रशियाच्या राजघराण्याच्या चिनी मातीच्या कारखान्यात उमेदवारी केली होती आणि पुढे कार्ल ग्रोपियस यांच्याकडे रंगमंचाचे पडदे रंगवले होते, बारीक रेषेची शिस्त आणि यथार्थदर्शनाची जाण यांचा उगम मला तेथेच दिसतो. 1834 मध्ये एका चर्चच्या छतावरून त्याने सहा फलकांवर रंगवलेले बर्लिनचे विहंगम दृश्यही अवश्य पाहावे. माझ्या मते मात्र गल्लीचे चित्रच सरस आहे, कारण राजवाड्यांच्या भव्यतेचा आधार नसतानाही केवळ सावली आणि उन्हाच्या विभागणीवर ते नजर खिळवून ठेवते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. याच चित्राच्या आवृत्त्या बर्लिन आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणी आहेत का?

प्रतिसाद 1 : होय, न्यूयॉर्कची प्रत मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.