मदत हवी आहे: डेटनसाठी रजा टाकावी की नाही?

बबलवरचा (शुक्रवार, १४ मार्च २०२५)
अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवड समिती रविवारी जाहीर करणार आहे. एका वाहिनीच्या ब्रॅकेटतज्ज्ञाने (स्पर्धेच्या तक्त्यात कोण येईल याचा अंदाज बांधणाऱ्याने) आमच्या संघाला प्रवेश मिळणाऱ्या शेवटच्या चारांत धरले आहे, तर दुसऱ्याने त्याच संघाला हुकलेल्या पहिल्या चारांत ठेवले आहे आणि दोन्ही याद्या आज सकाळच्याच आहेत. प्रवेश मिळालेले शेवटचे चार मंगळवार-बुधवारी डेटनला प्राथमिक सामने खेळतात, म्हणून मला मंगळवार-बुधवारची रजा आणि डेटनमधील हॉटेलची खोली, दोन्ही आजच पक्के करायचे आहे. कोणावर विश्वास ठेवावा, एवढेच सांगावे. ब्रॅकेट म्हणजे काय, येथून कोणी सुरुवात करू नये.

हिशेबी
संघ कोणता, पुरुषांचा की महिलांचा, तज्ज्ञ कोण आणि तुमचा संघ अजून खेळतो आहे की बाहेर पडला आहे, यांपैकी काहीही तुम्ही लिहिलेले नाही.

बबलवरचा
डेटन म्हटल्यावर पुरुषांचाच, महिलांचे ते सामने तेथे होत नाहीत. संघ इंडियाना. काल बिग टेन या आमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या लीगच्या, स्पर्धेत ऑरेगनकडून हरला, म्हणजे आता हातात काही नाही. तज्ज्ञांच्या नावांनी काय फरक पडतो?

जुना पंच
नावांनीच फरक पडतो. ईएसपीएन वाहिनीचे ब्रॅकेटतज्ज्ञ जो लुनार्डी नव्वदच्या दशकापासून हे काम करत आहेत आणि दरवर्षी त्यांचे एक-दोनच संघ चुकतात. त्यांनी संघ आत धरला असेल तर खोली घ्यावी.

हिशेबी
"एक-दोनच चुकतात" हे ऐकायला भारदस्त वाटते, पण यंदाच्या ६८ संघांपैकी ३१ संघ आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून आपोआप येतात आणि समितीने निवडायच्या ३७ पैकी तीसेक नावे तर नियमित पाहणारा कोणीही सांगू शकतो. म्हणजे खरी परीक्षा शेवटच्या पाच-सहा जागांची असते आणि तेथे दोन चुकले तर तो मोठा वाटा झाला. ब्रॅकेट मॅट्रिक्स या संकेतस्थळावर शंभराहून अधिक जणांचे अंदाज एकत्र करून नंतर त्यांना गुण दिले जातात. अनेक वर्षांच्या त्या हिशेबात प्रसिद्ध चेहरे अग्रभागी नाहीत, हौशी मंडळीच पुढे आहेत.

आकडेप्रेमी
माणसांचे अंदाज वाचण्यापेक्षा केन पॉमरॉय यांची आकडेवारीवर आधारलेली संघांची क्रमवारी पाहावी. मी अनेक वर्षे तेवढेच पाहतो.

हिशेबी
ती क्रमवारी संघ किती चांगला आहे हे सांगते, तर समिती त्याने कोणाला आणि कोठे हरवले हे पाहते. पहिल्या गटातला विजय म्हणजे घरच्या मैदानावर नेट क्रमवारीतील (समिती वापरते त्या अधिकृत क्रमवारीतील) पहिल्या ३०, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ संघांपैकी एकाला हरवणे. अशा सामन्यांत इंडियानाचे पराभव विजयांहून कितीतरी अधिक आहेत. शिवाय नुसती क्रमवारी पुरत नाही: २०२४ मध्ये इंडियाना स्टेट (हे वेगळे विद्यापीठ) नेटमध्ये २९वा असूनही बाहेर राहिला.

शिकागोचे काका
यंदा ड्यूक विद्यापीठच जिंकणार. त्यांच्या कूपर फ्लॅगसारखा खेळाडू फार वर्षांत झालेला नाही.

बबलवरचा
काका, कोण जिंकणार हे मी विचारलेले नाही.

डब्याचा कर्ता
माझ्या मते मूळ प्रश्नातच एक अडचण आहे. इंडियाना आत आला, पण शेवटच्या चारांत नसला, तर तो डेटनला न जाता गुरुवारी किंवा शुक्रवारी दुसऱ्याच शहरात खेळेल आणि तुमची रजा भलत्या दिवशी जाईल. त्यात रविवारपर्यंत एखाद्या कॉन्फरन्स स्पर्धेचा अनपेक्षित विजेता जागा खाऊ शकतो, जसे २०२४ मध्ये एनसी स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून केले. रद्द करता येणारी खोली घ्यावी आणि तज्ज्ञांना विसरावे.

जुना पंच
तज्ज्ञांना विसरावे म्हणणे सोपे आहे, परंतु समितीसारखा विचार करायला लोकांना त्यांनीच शिकवले.

बबलवरचा (रविवार, १६ मार्च २०२५, रात्री)
इंडियाना बाहेर. वेस्ट व्हर्जिनिया बहुतेक सर्वांच्या ब्रॅकेटमध्ये होता, तोही बाहेर. पहिल्या गटात अवघा एक विजय आणि बारा पराभव असलेला नॉर्थ कॅरोलायना मात्र आत!

आकडेप्रेमी
आणि समितीचे अध्यक्ष बबा कनिंगहॅम त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक आहेत. योगायोग म्हणायचा का?

हिशेबी
आपल्या संघाची चर्चा सुरू झाली की सदस्याने खोलीबाहेर जावे असा नियम आहे आणि ते गेले होते. निर्णय मलाही पटलेला नाही, पण मतदान इतरांनी केले आहे. ज्यांनी वेस्ट व्हर्जिनियाला आत धरले, त्यांनी समितीचे जुने वागणे नीट वाचले होते. समितीच तसे वागली नाही.

शिकागोचे काका
नॉर्थ कॅरोलायना आत आला तरी ड्यूकला फरक पडत नाही.

डब्याचा कर्ता
खोली रद्द केली का?

बबलवरचा
नाही, कारण रजा मंजूर झाली आहे. बुधवारचा झेवियर–टेक्सस सामना पाहायला जाईन म्हणतो. तिकीट दारावर मिळते की आधीच घ्यावे लागते, हे कोणाला माहीत आहे का?