लग्न नाही पण मूल हवंय, डोनर घेऊन एकटीने कोणी केलंय का?

गवतीचहा
नमस्कार, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, पहिल्यांदा धागा काढतेय तोही असल्या विषयावर, म्हणून आयडी नवीन घेतलाय, समजून घ्या.

वय ३७, पुण्यात नोकरी, गाव कराडकडचं. लग्न दोनदा जमत आलं आणि राहिलं, आता त्याचं खरंच काही वाटत नाही. पण मूल हवंय. भाचीला खेळवून भागतं असं सगळे म्हणतात, नाही भागत, करून पाहिलंय. गेल्या महिन्यात गुपचूप एएमएच (अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केली, १.१ आली. डॉक्टर म्हणाल्या ठरवायचं असेल तर आत्ता ठरवा, दोन वर्षांनी येऊ नका.

आययूआय (शुक्राणू गर्भाशयात सोडतात ते) करावं की थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी), शुक्राणूंचा डोनर कसा मिळतो (एक जुना मित्र तयार आहे, त्याचं चालेल का?), जन्मदाखल्यावर बापाच्या नावाचं काय करतात, सगळंच विचारायचंय. आईला सांगितलं तर आधी गप्प बसली, मग म्हणाली दत्तक घे की, निदान लोकांना सांगता येईल. त्या "लोकांना सांगता येईल" वर मी दोन दिवस अडकलेय.

कोर्टाचीपायरी
कायद्यापुरतं सांगतो. एआरटी कायदा (आययूआय, आयव्हीएफसारख्या उपचारांचा) २०२१ चा, जानेवारी २०२२ पासून लागू. त्यात अविवाहित बाईला उपचार घेता येतात, वय २१ ते ५० मध्ये हवं. क्लिनिक नाही म्हणालं तर ते त्यांचं धोरण, कायदा नाही. मित्राचा विषय सोडून द्या, सँपल नोंदणीकृत शुक्राणू बँकेतूनच घ्यावं लागतं आणि डोनर अनामिक असतो. त्याचा मुलावर हक्क नाही आणि जबाबदारीही नाही.

सरोगसीचा कायदा वेगळा आहे, तिथे एकटी बाई म्हणजे फक्त विधवा किंवा घटस्फोटित, वय ३५ ते ४५. म्हणजे एकता कपूरने २०१९ मध्ये केलं ते आज अविवाहित बाईला करता येणार नाही. इथे दर वेळी कोणीतरी तिचं उदाहरण देतं म्हणून आधीच लिहिलं.

दाखल्याबद्दल, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अविवाहित आईने अर्ज केला तर तिचं प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यायचा. ऑफिसातल्या क्लार्कला हे माहीत असेलच असं नाही, निकालाची प्रिंट सोबत ठेवा.

नाशिककरीण_८४
मी केलंय. मुलगी अडीच वर्षांची आहे, आत्ता मांडीवर बसून टाइप करू देत नाहीये त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

माझं वय तेव्हा ३८. दोन आययूआय फुकट गेल्या, मग आयव्हीएफ, त्यात दुसऱ्या ट्रान्स्फरला (तयार गर्भ गर्भाशयात सोडतात ते) राहिलं. या वयात आययूआयचा चान्स एका वेळी दहात एक जेमतेम, आणि त्याआधी ट्यूब मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजी करतात, ते दुखतं, कोणी काही म्हणो. तुमची एएमएच बघता डॉक्टर थेट आयव्हीएफच म्हणतील असं वाटतं, पण ते त्यांनाच विचारा. मला एका सायकलला औषधं धरून दोन-सव्वादोन लाख गेले, मेडिक्लेमने हात वर केले.

डोनरचं म्हणाल तर फोटोबिटो काही नसतो. रक्तगट, उंची, रंग, केस, शिक्षण एवढंच. मी गव्हाळ वर्णावर बोट ठेवलं आणि घरी येऊन खूप रडले, बापाची निवड अशी कांदेपोह्यांपेक्षाही कमी माहितीवर होईल असं वाटलं नव्हतं. नंतर मात्र त्या कागदाची कधी आठवण झाली नाही.

खरं जड जातं ते पोटात घ्यायची इंजेक्शनं नाहीत, ती फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवून रोज सात वाजता घेत होते, होतं ते. जड जातं ते काउंटरवर दर वेळी "मिस्टर कुठायत?" आणि ट्रान्स्फरनंतरचे चौदा दिवस, तेव्हा सोबत कोणीतरी हवंच. माझी ऑफिसातली मैत्रीण यायची. मग बारशाला प्रश्न आला, आत्या कुठून आणायची? तीच झाली आत्या, तिनेच कानात कुर्र केलं, आणि तिच्या सासूने पाळणा म्हटला. ज्यांच्या भीतीने मी गाव टाळत होते त्या काकू सगळ्यात आधी घुगऱ्या खायला हजर.

लेकीच्या नावापुढे माझंच नाव लागतं. तिला सांगून ठेवलंय की आपल्याकडे बाबा नाही, एका माणसाने मदत केली म्हणून तू आलीस. सध्या तिला यात काडीचा इंटरेस्ट नाही.

स्पष्टवक्ता
राग येईल पण विचारतो. उद्या तुम्हाला काही झालं तर? दोन माणसं असली की एक तरी उरतं. हौस म्हणून मूल आणायचं आणि त्याने मोठेपणी खरा बाप शोधत फिरायचं का?

नाशिककरीण_८४
@स्पष्टवक्ता, पहिला प्रश्न बरोबर आहे, हौस शब्द नाही. गवतीचहा, ट्रीटमेंट चालू व्हायच्या आधी टर्म इन्शुरन्स घ्या, आणि बाळ झाल्यावर पहिल्या वर्षातच मृत्युपत्र करून पालक म्हणून कोण ते लिहून ठेवा, त्या माणसाला आधी विचारून. मी भावाला विचारलं तर त्याने आठवडा घेतला हो म्हणायला, मला ते आवडलं, लगेच हो म्हणाला असता तर विश्वास बसला नसता.

लेस्टरची_सून
इथे यूकेत १ एप्रिल २००५ नंतर ज्यांनी डोनर म्हणून नोंद केली त्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. भारतात तो मार्ग नाही, तेव्हा मुलाचा हा प्रश्न कायम अर्धाच राहणार हे धरून चाला. नको करू असं म्हणत नाहीये, पण तिथे स्पष्टवक्त्यांना पूर्ण चूक म्हणता येत नाही मला.

दत्तकचंही बघून ठेव गं. कारामध्ये (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) एकट्या बाईला नोंदणी करता येते, पण अगदी लहान बाळासाठी वयाची मर्यादा ४० आहे, आणि रांग मोठी.

गवतीचहा
सगळ्यांचे आभार, स्पष्टवक्ता तुमचेही. लेस्टरची_सून, तुम्ही लिहिलंय त्याला माझ्याकडे उत्तर नाही, ते डोक्यात राहणार.

रात्री आईला हा धागा वाचून दाखवला. कायद्याचं ऐकताना ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. बारशाचं आलं तेव्हा म्हणाली, "कुर्र करायला बाहेरची कशाला, ताई आहे की आपली." मग परत निवडायला लागली.

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आई येते म्हणालीय.