भूकंपाची वेळ: यूटीसीतून (जागतिक प्रमाणवेळेतून) स्थानिक वेळ काढताना तारीख चुकतेय

कंपनवेडा:
यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) भूकंप-सूचीतून सीएसव्ही (तक्त्याची फाइल) उतरवली. किल्लारीचा भूकंप तिच्यात २९ सप्टेंबर १९९३, २२:२५ असा आहे. सगळीकडे मात्र ३० सप्टेंबरची पहाट वाचतो. वेळेच्या रकान्यात साडेपाच तास मिळवले, तारीख जागची हलली नाही. नेपाळ, चिली, तुर्कस्तानच्याही नोंदी आहेत. सगळ्यांना एकच सूत्र चालेल का?

शून्यरेखा:
सूची बरोबर आहे. वेळेच्या शेवटी ‘झेड’ दिसतो ना, ती यूटीसीची खूण. तारीख आणि वेळ वेगवेगळ्या रकान्यांत फोडलीत, तिथे घोळ झाला. दोन्ही एकाच सेलमध्ये ठेवून ५.५/२४ मिळवा, एक्सेलमध्ये १ म्हणजे अख्खा दिवस, म्हणून तासांना २४ ने भागायचं. २२:२५ अधिक ५:३० म्हणजे २७:५५. २४ वजा केले की ३:५५, तारीख ३०.

उलटंही होतं. कॅलिफोर्नियातला लोमा प्रिएटा भूकंप यूटीसीत १८ ऑक्टोबर १९८९, ००:०४; तिथे तेव्हा यूटीसी उणे ७, म्हणजे १७ तारखेचे संध्याकाळचे ५:०४.

सीएसव्हीऐवजी जिओजेसन (सूचीचं दुसरं फाइल-रूप) घेतलंत तर वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत येते. ८,६४,००,००० ने भागा, २५,५६९ मिळवा, की एक्सेलची तारीख-वेळ येते. त्याआधीच्या भूकंपांना आकडा ऋण येतो, ती चूक नव्हे.

घड्याळजी:
एक सूत्र नाही चालणार. फरक ठिकाणावर ठरतो आणि तारखेवरही. गोरखा भूकंप २५ एप्रिल २०१५, ०६:११ यूटीसी. नेपाळ ५:४५ पुढे, म्हणून ११:५६. पण १९८६ च्या आधी नेपाळही साडेपाचवरच होता. चिलीत २७ फेब्रुवारी २०१० ला उन्हाळी वेळ, उणे ३: ०६:३४ चे ०३:३४. खरी मेख तुर्कस्तानची. २०१६ पासून तिथे बारमाही अधिक ३. म्हणून ६ फेब्रुवारी २०२३ चा ०१:१७ चा धक्का स्थानिक ०४:१७ चा. फेब्रुवारी १९९९ च्या नोंदीला मात्र अधिक २ च लागेल.

हे हाताने करू नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं झोनइन्फो (ठिकाण आणि तारखेनुसार वेळेचा फरक काढणारं मॉड्यूल) वापरा, ‘एशिया/काठमांडू’ असं पूर्ण नाव द्या. ‘आयएसटी’सारखी आद्याक्षरं टाळा, भारत, इस्रायल, आयर्लंड तिघंही ती वापरतात. आणि बदलण्याआधी वेळेला यूटीसीचा शिक्का मारा, नाहीतर पायथन ती तुमच्या संगणकाची स्थानिक वेळ धरतो.

कंपनवेडा:
तारीख जुळली! पण काही बातम्यांशी अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक राहतोय.

शून्यरेखा:
तो रूपांतराचा नाही. सूचीत भंग (जमिनीखाली खडक फुटणं) सुरू झाल्याची वेळ असते, लोक सांगतात ती धक्का जाणवल्याची. पी-लहर, म्हणजे भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी लहर, सेकंदाला ६ ते ८ किमी धावते. ३०० किमीवर पोचायला पाऊण मिनिट सहज जातं. शिवाय पहिली नोंद नंतर सुधारली जाते, तेव्हा सेकंद हलतात.

फरक तासांचा, अर्ध्या किंवा पाव तासाचा नेमका आला तरच टाइम झोन तपासा. भारतातल्या नोंदीत यूटीसीपेक्षा बरोबर ११ तास पुढे दिसले तर साडेपाच दोनदा मिळवले गेलेत: एकदा प्रोग्रामने, एकदा तुम्ही.