मदत हवी आहे: भाजणीच्या नफ्यात मदतनीस बायकांना वाटा कसा द्यावा?

नमस्कार. तीन वर्षं घरीच थालिपिठाची भाजणी करून विकते. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजते. दळून आणलेलं पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरत नाही, नाहीतर वाफ धरून बिघडतं. आता ऑर्डरी एकटीला झेपेनात, म्हणून शेजारच्या दोघींना हाताशी घेतलंय. एकीच्या पदरी दोन लहान मुलं, कमावणारं दुसरं कुणी नाही. नुसती मजुरी द्यायला मन घेत नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, तिथे प्रत्येक बहीण मालकीण. मलाही तसंच करायचंय. पण खर्च वजा जाता उरेल ते समान वाटू, की किलोमागे दर ठरवू? पुढच्या धान्यासाठी किती राखून ठेवावं? बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी कृपया सांगा.