वॉव क्लासिक: टॉरेन वॉरियरला मायनिंग-ब्लॅकस्मिथिंग ठेवावं की मोडावं?

धुळीचा_ढग

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (ऑनलाइन गेम), क्लासिक एरा म्हणजे जुनी आवृत्ती, होर्ड पक्ष, टॉरेन जमातीचा वॉरियर (योद्धा), लेव्हल 22. वॉरियर म्हटल्यावर चिलखत आणि शस्त्रं आलीच, म्हणून सुरुवातीलाच प्रोफेशनच्या दोन जागांत मायनिंग (खाणकाम) आणि ब्लॅकस्मिथिंग (लोहारकाम) घेतलं. आज मायनिंग 58, ब्लॅकस्मिथिंग 41. खणलेलं सगळं कॉपर स्किल वाढवण्यात जातं, बनवलेला माल दुकानदाराला कवडीमोलाने द्यावा लागतो, आणि बॅरन्स भागात टिनचे नोड (खणायच्या जागा) डोळ्यांसमोर असूनही खणता येत नाहीत. जवळ 3 गोल्ड आहेत. 40 ला कोडो (स्वारीचा प्राणी) घ्यायचा तर 100 गोल्ड लागणार.

ब्लॅकस्मिथिंग सोडून दुसरं काही घ्यावं का? टॉरेनला हर्बलिझमचे (औषधी वनस्पती गोळा करण्याचे) 15 पॉइंट फुकट मिळतात, ते वाया घालवतोय का? आणि नंतर 60 ला (कमाल लेव्हलला) ब्लॅकस्मिथिंग नाही म्हणून अडेल का?

कातळकडा

ब्लॅकस्मिथिंग आजच सोडा. 41 स्किल म्हणजे फार काही गमावत नाही. पण सोडलं की स्किल आणि शिकलेल्या सगळ्या रेसिपी जातात, पुन्हा घेतलं तर 1 पासून सुरुवात, हे लक्षात ठेवून सोडा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बहुतेक वॉरियर त्याच भीतीने ब्लॅकस्मिथिंगला चिकटून राहतात. क्लासिकमध्ये वॉरियरला हव्याहव्याशा वाटणाऱ्या लोहारी वस्तूंत पहिलं नाव लायनहार्ट हेल्मचं. ते अंगावर चढवलं की तुमच्याशी बांधलं जातं (मग दुसऱ्याला देता येत नाही), बनवताना नाही. म्हणजे ते कुठल्याही स्मिथकडून करून घेता येतं: 80 थोरियम बार (धातूच्या लगडी), 12 आर्केनाइट बार, 40 विकेड क्लॉ, 10 ब्ल्यू सफायर आणि 4 अझेरोथियन डायमंड तुम्ही आणायचे, वर टिप द्यायची. खर्च साहित्याचा आहे, स्किलचा नाही. स्ट्राँगहोल्ड गाँटलेट्सचंही तेच. मेज (जादूगार) किंवा प्रीस्ट (पुरोहित) यांची गोष्ट वेगळी. रोब ऑफ द आर्कमेज किंवा ट्रूफेथ व्हेस्टमेंट्स बनवणाऱ्याशीच बांधले जातात, म्हणून त्यांना टेलरिंग (शिवणकाम) स्वतःलाच शिकावं लागतं. वॉरियरवर ती सक्ती नाही.

प्रवासात ब्लॅकस्मिथिंग का बुडवतं तेही बघा. प्रत्येक पॉइंटला बार खर्च होतात. तुमच्या लेव्हलचं चिलखत बनवण्याइतकं स्किल येईपर्यंत तुम्ही ती लेव्हल ओलांडून गेलेले असता, आणि त्याहून बरं चिलखत क्वेस्टमधून किंवा वेलिंग कॅव्हर्न्ससारख्या डंजनमधून (गटाने करायच्या गुहांमधून) मिळून जातं. बाजारात शार्पनिंग स्टोन सोडले तर खालच्या लेव्हलच्या मालाला गिऱ्हाईक नाही. उलट तेच कॉपर आणि टिन कच्चं विकलं तर घेणारे भरपूर, कारण 60 चे खेळाडू दुसरी कॅरेक्टर्स वाढवताना ते विकत घेतात.

मायनिंग ठेवा, दुसऱ्या जागी स्किनिंग (मारलेल्या प्राण्याचं कातडं काढणं) घ्या. दोन्हींतला एक पैसाही क्राफ्टिंगमध्ये (वस्तू बनवण्यात) घालू नका, 40 चा कोडो येईपर्यंत तरी.

हर्बलिझमबद्दल: ते 15 पॉइंट म्हणजे सुरुवातीची छोटी उडी, आणि कमाल 300 चे 315. पीसब्लूम वनस्पतीपासून अर्थरूटपर्यंत (अर्थरूटला 15 लागतं) लवकर पोचता, मेजरॉयलला 50 लागतंच. तेवढ्यासाठी प्रोफेशन निवडू नये. मोठी अडचण मिनिमॅपची (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाची) आहे. क्लासिकमध्ये एका वेळी एकच ट्रॅकिंग चालतं, फाइंड मिनरल्स किंवा फाइंड हर्ब्ज. दोन्ही घेतली तर अर्धे नोड दिसणारच नाहीत. आलटून पालटून लावणारा कास्टसीक्वेन्स मॅक्रो (एकाच बटणावरची आज्ञा) करता येतो, पण क्वेस्ट करता करता दर काही सेकंदांनी बटण दाबत राहणं होत नाही. स्किनिंगला ट्रॅकिंगच नको, मारलेला प्राणी समोर पडलेला असतो.

सुरी_आणि_सोलणं

स्किनिंगचे आकडे देतो, म्हणजे 22 ला सुरू करताना अडणार नाही.

लेव्हल 10 पर्यंतच्या प्राण्याला स्किल 1 पुरतं. 10 ते 20 मध्ये प्राण्याच्या लेव्हलमधून 10 वजा करा आणि 10 ने गुणा: लेव्हल 15 ला 50, लेव्हल 18 ला 80. लेव्हल 20 पासून पुढे सरळ लेव्हल गुणिले 5: 30 ला 150, 40 ला 200, 60 ला 300.

यातून कळतं की कस लागतो तो 10 ते 20 मध्येच, तिथे प्राण्याच्या दर लेव्हलमागे 10 पॉइंट लागतात. 100 पार केलं की पुढे दर लेव्हलला 5 च, आणि नेहमीच्या खेळात स्किल आपोआप पुढे राहतं. म्हणून ब्लडहूफ व्हिलेजला परत जा, स्किनिंगचा ट्रेनर तिथेच आहे, स्किनिंग नाइफ घ्या आणि मलगोरमधले लांडगे आणि कूगर मारत सुटा. 22 च्या वॉरियरपुढे ते टिकत नाहीत. तुमच्यासाठी ते ग्रे (अनुभव न देण्याइतके कमकुवत) असले तरी स्किनिंगचे पॉइंट मिळतात, कारण हिशेब प्राण्याची लेव्हल आणि तुमचं स्किनिंग यांचा होतो. तिथून बॅरन्स, मग थाउजंड नीडल्स.

दोन गोष्टींत नवे लोक अडतात. प्राण्याच्या अंगावरचं सगळं लूट केल्याशिवाय कातडं निघत नाही, म्हणून बॅग भरली की सोलणंही थांबतं. ग्रुपमध्ये दुसऱ्याने आपलं लूट उचललं नाही तर तेच होतं, तेव्हा सांगून ठेवा. आणि 75 ला पोचलात की जर्नीमन (प्रोफेशनची पुढची पायरी) शिकल्याशिवाय पुढचा एकही पॉइंट पडत नाही. 50 झालं की शिकता येतं, थांबू नका. एक्स्पर्ट (225 पर्यंत) आणि आर्टिझन (300 पर्यंत) साठी क्राफ्टिंगला लेव्हल 20 आणि 35 लागते, गॅदरिंगला (खणणं-सोलणं यांसारख्या गोळा करण्याच्या कामांना) फक्त 10 आणि 25. म्हणजे 22 ला एक्स्पर्टपर्यंत तुम्हाला लेव्हलची आडकाठी नाही.

60 जवळ आल्यावर स्किनिंग घाईने सोडू नका. अनगोरो क्रेटरमधल्या डेव्हिलसॉरचं कातडं वॉरियर आणि रोग (Rogue) या क्लाससाठी सोन्यासारखं आहे: डेव्हिलसॉर गाँटलेट्स आणि लेगिंग्ज मिळून 2 टक्के हिट (वार न चुकण्याची शक्यता) मिळतो. तो प्राणी 54 ते 56 चा एलिट (नेहमीपेक्षा ताकदवान), म्हणजे 270 ते 280 स्किल हवं. एकट्याने हात घालू नका. त्याच्या मागे सोलणारे टपलेलेच असतात.

अर्धी_कुपी

इथे थोडा विरोध नोंदवतो. मायनिंग-स्किनिंगने गोल्ड येईल, मान्य. पण वॉरियरला प्रवासात पैशापेक्षा जास्त चणचण जिवाची असते. स्वतःला बरं करता येत नाही, पळून जायची सोय कमी. हर्बलिझम-आल्केमी (पोशन बनवणं) घेतली तर एक पीसब्लूम, एक सिल्व्हरलीफ आणि एक रिकामी कुपी यांत मायनर हीलिंग पोशन, आणि पुढे ताकदीची एलिक्सिरं, ट्रोल्स ब्लड पोशन. आल्केमी हे बहुधा एकमेव क्राफ्टिंग आहे जे आपल्याच गॅदरिंगवर जवळपास पूर्ण 300 पर्यंत जातं. शेवटी ट्रान्सम्यूट आर्केनाइट: 275 स्किल, फिलॉसॉफर्स स्टोन जवळ, एक थोरियम बार आणि एक आर्केन क्रिस्टल. कूलडाउन (पुन्हा करण्याआधी थांबायचा वेळ) मोठा असल्याने प्रत्येक आल्केमिस्टला त्याचा मोबदला मिळतो.

कातळकडा

@अर्धी_कुपी, आल्केमी उत्तम, पण ती दुसऱ्या कॅरेक्टरवर ठेवता येते, आणि पोशन पोस्टाने पाठवता येतात. ट्रान्सम्यूटला तर त्या कॅरेक्टरला 60 पर्यंत नेण्याचीही गरज नाही, आर्टिझनपुरती 35 ची लेव्हल पुरते. वॉरियरच्या दोन जागा अशा गोष्टींना द्याव्यात ज्या त्याने स्वतः हजर राहूनच होतात. खणणं आणि सोलणं तसंच आहे. इंजिनियरिंगही तसंच आहे, आणि जिवाच्या चणचणीवर माझं उत्तर तेच.

इंजिनियरिंगची बहुतेक हत्यारं वापरायलाच स्किल लागतं, विकत घेऊन काम होत नाही. टार्गेट डमीला 85: शत्रूंचं लक्ष खेचून घेतो, तेवढ्यात वॉरियर निघून जाऊ शकतो. आयर्न ग्रेनेडला 175: 3 सेकंद शत्रू जागच्या जागी. गॉब्लिन सॅपर चार्जला 205: 10 यार्डांत सगळ्यांना 450 ते 750, स्वतःलाही 375 ते 625, म्हणून तब्येत बघून फोडायचा. 200 स्किलला गॉब्लिन की नोमिश हे निवडावं लागतं. सॅपर बनवायला गॉब्लिन लागतो, पण वापरायला कुठलाही इंजिनियर चालतो, त्यामुळे नोमिश घेऊनही ते विकत घेऊन वापरता येतात.

धुळीचा_ढग

ब्लॅकस्मिथिंग सोडलं, स्किनिंग घेतलं. आता दोन शंका. मायनिंग 58 वरून 65 कसं करू, कॉपरमधून पॉइंट फार कमी मिळतात. आणि इंजिनियरिंग घ्यायचंच असेल तर कधी?

कातळकडा

नोडचा नियम असा: ज्या स्किलला तो खणता येतो त्यात 25 मिळवले की पिवळा, 50 मिळवले की हिरवा, 100 मिळवले की करडा (पॉइंटच नाही). कॉपर 1 ला खणता येतं, म्हणजे 50 नंतर ते हिरवं, पॉइंट कधीतरीच. पण वितळवणंही मायनिंगच्याच स्किलवर मोजलं जातं, आणि कॉपर वितळवून 70 पर्यंत पॉइंट मिळू शकतात. एकाच ओरमधून (कच्च्या धातूतून) दोनदा संधी. खणलेलं कॉपर तसंच न विकता भट्टीवर न्या, 65 गाठा, मग टिन. नोडवर एकाहून जास्त वेळा मारता येतं, तो संपेपर्यंत सोडू नका. प्रयत्न फसला तर पुन्हा मारा, नोड जात नाही.

टिन 65, आयर्न 125, मिथ्रिल 175, छोटा थोरियम 245, रिच थोरियम 275. यात खरा कंटाळा 225 ते 245 मध्ये आहे, कारण मिथ्रिल 225 नंतर हिरवं आणि थोरियम अजून मिळत नाही. बॅडलँड्स, हिंटरलँड्स, तनारिसमध्ये क्वेस्ट करताना दिसेल तो प्रत्येक मिथ्रिल नोड घेत गेलात तर तो टप्पा वेगळा जाणवत नाही. 230 ला ट्रूसिल्व्हर खणता येतं, ते चुकवू नका.

इंजिनियरिंग 40 नंतर, कोडो घेतल्यावर, स्किनिंगच्या जागी. तोपर्यंत एक शिस्त पाळा: दगड फेकू किंवा विकू नका. रफ, कोर्स आणि हेवी स्टोनची एका दगडामागे एक अशी ब्लास्टिंग पावडर होते, सॉलिड आणि डेन्सला दोन दगड लागतात. प्रत्येकी साठेक दगड साठवणीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या कॅरेक्टरकडे पाठवून ठेवले तर सुरुवातीचं स्किल धडाधड वर जातं. दगड ऐनवेळी बाजारात शोधायला गेलात तर मिळतीलच असं नाही, कारण विकणारे ते दुकानदाराला टाकून येतात. थोडं कॉपर आणि ब्राँझही बाजूला ठेवा.

डेव्हिलसॉरसाठी स्किनिंग 60 पर्यंत ठेवायचं असेल तर इंजिनियरिंग तेव्हा सुरू करा. दोन्ही रस्ते चालतात. टँक (गटासाठी मार अंगावर घेणारा) म्हणून रोज डंजन करायचे असतील तर 40 लाच घ्या.

सुरी_आणि_सोलणं

विकण्याबद्दल थोडं. ओर 10 च्या स्टॅकमध्ये (गठ्ठ्यात) राहतं, बार 20 च्या. बॅगा भरत आल्या की भट्टी गाठून वितळवा, निम्मी जागा मोकळी होते. ब्राँझ करताना एक कॉपर बार आणि एक टिन बार यांचे दोन ब्राँझ बार होतात, म्हणून दोन ब्राँझचा भाव आणि कॉपर-टिनचा मिळून भाव ताडून बघा, रोज वेगळा निघतो. ऑर्ग्रिमारच्या ऑक्शन हाउसमध्ये विक्रीवर 5 टक्के कापतात, गॅजेटझनसारख्या तटस्थ ठिकाणी 15, तिथे माल लावू नका. कातडं विकलं गेलं नाही तरी दुकानदार घेतोच, भरपाई होते.

कोडोचे 20 गोल्ड शिकायला आणि 80 प्राण्याला. थंडर ब्लफशी (टॉरेनच्या शहराशी) ऑनर्ड, म्हणजे तिथे चांगली पत, असाल तर 10 टक्के सूट. मलगोरच्या क्वेस्ट अर्धवट सोडल्या असतील तर स्किनिंगसाठी तिथे जातच आहात, त्या संपवून टाका.

पट्टी_बांधणारा

कुणी फर्स्ट एडचा विषय काढला नाही. ते दोन मुख्य प्रोफेशनमध्ये मोजत नाहीत, आणि वॉरियरला पोशनआधी तेच हवं. तुम्ही टेलर नाही, तेव्हा कापड विकायचा मोह आवरा: लिनन, वूल, सिल्क सगळं पट्ट्यांना. वूल बँडेजला 80, सिल्कला 150, हेवी सिल्कला 180 स्किल. पट्टीनंतर एक मिनिट दुसरी लागत नाही, आणि मार बसला की पट्टी तुटते, म्हणून शत्रूला थोपवून मगच बांधायची. डमी इथेही कामाला येतो.

150 च्या पुढचं शिक्षण ट्रेनरकडे नाही. डस्टवॉलो मार्शमधल्या ब्रॅकनवॉल व्हिलेजला बलाई लोकवाइनकडे एक्स्पर्टचं पुस्तक आहे. तिथेच हेवी सिल्क आणि मेजवीव्ह बँडेजची पुस्तकंही घ्या, नाहीतर दुसरी फेरी पडते. 225 ला आणि लेव्हल 35 ला अराथी हायलँड्समधल्या हॅमरफॉलला डॉक्टर ग्रेगरी व्हिक्टरची क्वेस्ट: 15 रुग्ण वाचवायचे, 6 दगावले की फसली. आधी गंभीर रुग्ण, मग मध्यम, किरकोळ शेवटी. कॅमेरा वर घेऊन सगळ्या खाटा एका नजरेत येतील असं उभं राहा आणि ट्रायाज बँडेज ॲक्शन बारवर ठेवा, बॅगेतून शोधत बसलात तर वेळ पुरत नाही.