मदत हवी आहे: सयाजीरावांच्या रुपयाची ग्रेड (नाण्याच्या स्थितीचा दर्जा)

बडोद्याचा चांदीचा रुपया, महाराज सयाजीराव तिसरे यांची छबी, संवत् १९४९. सराफाच्या काट्यावर ११.३ ग्रॅम भरला, चुंबकाला चिकटत नाही. मागची तलवार आणि 'एक रुपया' ठसठशीत. छबीचा गाल नि पगडीच्या घड्या मात्र सपाट. भिंगातून मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात, काळेपणा फक्त अक्षरांच्या खाचांत उरलाय. कुणीतरी रांगोळीने घासलेला दिसतो! मी काहीच लावलेलं नाही. कडेला कडी जोडल्याची खूण नाही. विकायचा नाही, नाण्याच्या पाकिटावर खरी ग्रेड लिहायची आहे.

गाल झिजलाय की मुळात ठसाच कच्चा उमटला, हे कशावरून ओळखायचं? आणि अशा घासलेल्या नाण्याला 'व्हेरी फाइन' (बेताची झीज असलेल्या नाण्याची ग्रेड) म्हणता येतं का?