कोड जीपीएल, मग चित्रं कुणाची?

प्रश्न: मी कोड लिहून चित्रं काढतो. सीड (कोडला सुरुवातीला दिलेला आकडा) बदलला की नवं चित्र. कोड जीपीएलखाली (कुणीही वापरा, बदला, विका, पण पुढे वाटताना कोड याच अटींवर खुला ठेवा, असा परवाना) टाकायचाय, पण माझी चित्रं कुणी टी-शर्टवर छापून विकलेली मला खपणार नाहीत. जीपीएल चित्रांनाही लागतो का?

उत्तर: सहसा नाही. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर २००२ पासून जीपीएलखाली आहे, तरी त्यात केलेलं काम करणाऱ्याचंच राहतं. प्रोग्रामने स्वतःचाच मोठा तुकडा आउटपुटमध्ये ओतला, तर मात्र गोष्ट वेगळी. हाताने काढलेली टेक्स्चर्स, म्हणजे चित्रात तशीच उमटणारी पोताची चित्रं, आहेत का आत?

उत्तर: चित्रांना सीसी बाय-एनसी (क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना: माझं नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका) द्या, विषय संपला.

उत्तर: संपला कुठे? दुसरा कुणी सीड बदलून नवं चित्र काढेल आणि खुशाल विकेल. बरं, कोडलाच एनसी लावलात तर तो ओपन सोर्स उरत नाही. ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ओएसआय या संस्थेच्या व्याख्येत धंद्याला मनाई बसत नाही. आणि आमचे परवाने सॉफ्टवेअरला लावू नका, असं क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगते. (हे वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.)

प्रश्नकर्ता: टेक्स्चर्स आहेत, बरीच. ती वेगळ्या फोल्डरात, एनसीखाली. अल्गोरिदम जीपीएल. विकायचंय त्याने विकावं, टेक्स्चर्स स्वतःची काढावीत.